हर्शेलचे एक्केचाळीस गुण

सोमवार, ४ ऑगस्ट २००३

ही वही सरकारची आहे. वर छापलंय, ‘नोकरी शोधल्याची नोंद’, आणि खाली तीन रकाने: तारीख, कुठे विचारलं, काय उत्तर मिळालं. मी तिन्ही रकान्यांवरून आडवी लिहीत सुटले आहे, कारण आमच्या बेथनी शोल्स गावात विचारायला जागा दोनच. एक कोंबड्या कापायचा कारखाना, तिथे आधीच रांग. दुसरं अंत्यविधीवाल्यांचं दुकान. तिथले मालक म्हणाले, “ओलेटा, जागा निघाली की आधी तुलाच ठेवतो,” आणि मग आपण काय बोललो ते कळून लालबुंद झाले.

गिरणी बंद होऊन सात आठवडे झाले. तेहतीस वर्षं मी तिथे टॉवेल विणले. शेवटच्या दिवशी साहेबांनी प्रत्येकाला एक टॉवेल दिला, बहुतेक डोळे पुसायला.

आज रोजगार कचेरीत बोलावलं होतं. तिथली शॉन्ड्रा लीक ही मुलगी गोड बोलते आणि हळू बोलते, म्हणजे आम्हाला निम्मं ऐकूच येत नाही. ती म्हणाली, बाहेरच्या देशांतून आलेल्या मालामुळे तुमचं काम गेलं, हे सरकारने मान्य केलंय. म्हणून दोन वर्षं कॉलेजची फी सरकार भरणार, आणि वर्गात जात राहाल तोवर दर आठवड्याला घरखर्चाला पैसेही देणार.

“म्हणजे टॉवेल बाहेरून आणायचे आणि आम्हाला शाळेत घालायचं?” मी विचारलं.

“तसंच काहीसं, मिस ओलेटा.”

शेजारी हर्शेल गोफोर्थ बसला होता. हा आमच्या खात्यातला मिस्त्री. तीस वर्षं माझा माग बंद पडला की मी लाल फडकं वर करायचे आणि हा सावकाश, मानेला झटके देत यायचा, जणू माग मीच मुद्दाम मोडला. बायको गेल्यापासून जरा जास्तच सावकाश झालाय. त्याने अर्ज हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि माझ्या मांडीवर ठेवला. “चष्मा घरी राहिला. तू भर.”

तंबाखू आणली, चाकू आणला, शेंगदाण्यांची पुडी आणली, चष्मा तेवढा राहिला! मी आवाज न काढता, नुसत्या ओठांनी त्याला म्हटलं, “आळशी मेला.” साडेतीनशे माग एकदम धडधडत असतात तिथे कानांचा उपयोग नसतो. आम्ही सगळे ओठांवरच बोलतो आणि खात्याच्या दुसऱ्या टोकाला काय चहाडी चाललीय तेही वाचतो. हर्शेलने ओठांनीच उत्तर दिलं, “तूच मेली.” शॉन्ड्रा आम्हा दोघांकडे पाहत राहिली आणि मग तिने पाणी हवंय का विचारलं.

बुधवार, ६ ऑगस्ट

हर्शेल सकाळी दारात. एका हातात कचेरीची तीन पत्रं, दुसऱ्या हातात टोमॅटोंची टोपली. चष्मा? फुटला म्हणे. मी पत्रं वाचून दाखवली, उत्तरं लिहिली. तोवर याने माझ्या स्वयंपाकघरात बसून मेयोनीज लावलेली चार टोमॅटो सँडविचं संपवली, माझ्याच पावाची. टोमॅटो देऊन काम करून घ्यायचं आणि टोमॅटो परत खाऊनही जायचे!

शेवटी मी माझ्या नवऱ्याचा, एल्बर्टचा चष्मा काढून दिला. एल्बर्टला जाऊन सहा वर्षं झाली, त्याला आता नको आहे. हर्शेलने तो लावला, पत्राकडे पाहिलं आणि म्हणाला, “झकास दिसतंय.”

“मग वाच.”

“तूच वाच. तुझ्या तोंडून बरं वाटतं.”

आळसाला काही सीमा असते.

शनिवार, ९ ऑगस्ट

महामार्गावरच्या मोठ्या दुकानात गेले होते. टॉवेलांचा ढीग पाहून पाय आपोआप तिकडे वळले. चिठ्ठीवर लिहिलंय, भारतात बनवलेला. दोष काढायचा म्हणून अर्धा तास उलथापालथ केली. कड सरळ. टॉवेलावरचे धाग्यांचे फास एकसारखे. कुठेही धागा सुटलेला नाही. विणणारीचा हात चांगला आहे, काय करणार. कोण आहे, कुठे आहे, देव जाणे. तिचा मिस्त्री तरी वेळेवर येत असेल अशी आशा करते. टॉवेल घेतला नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज परीक्षा झाली. कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायला कॉलेजने ती कॅन्टीनमध्ये घेतली, लांब टेबलांवर, समोरासमोर बसवून. साठ प्रश्न, प्रत्येकाला ए, बी, सी, डी अशी चार उत्तरं, बरोबर असेल त्याचं वर्तुळ काळं करायचं. देखरेख करणारे गृहस्थ म्हणाले, “आवाज अजिबात नको.” मी आवाज काढला नाही. पण ओठ हलवल्याशिवाय मला जन्मात वाचता आलं नाही. एल्बर्ट म्हणायचा, तू पेपर वाचतेस की पाला खातेस! प्रश्न वाचायचा, मनाशी घोळवायचा, मग “सतरा, सी” असं स्वतःला सांगून वर्तुळ काळं करायचं, अशी मी अगदी शिस्तीत परीक्षा दिली.

हर्शेल मात्र विचित्र वागला. खिडकीशी पंख्याखाली चांगली जागा रिकामी होती. ती सोडून तो दोन टेबलं पलीकडे, बरोबर माझ्या समोर बसला. एल्बर्टचा चष्मा डोळ्यांवर न ठेवता टाळूवर चढवला आणि अख्खी सकाळ माझ्याकडे टक लावून पाहत राहिला. मध्येच खाली बघायचा, पेन्सिल चालवायचा, की पुन्हा माझ्याकडे. बाहेर पडल्यावर मी विचारलं, “माझ्या दातात काही अडकलं होतं का?”

“नाही. छान दिसत होतीस,” तो म्हणाला. अंगावरचा शर्ट घामाने ओला होता.

याची तब्येत मला ठीक वाटत नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

कोंबड्यांच्या कारखान्यात विचारलं. नाही म्हणाले. भेंडी तळली.

मंगळवार, १९ ऑगस्ट

पास! साठात एक्केचाळीस. चाळीस लागतात. मी कॉलेजात जाणार! सोळाव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत गेलेली ओलेटा प्रुइट दवाखान्याच्या कचेरीतलं काम शिकणार. गाडीत बसून थोडी रडले आणि मग थंड दुधाचा मोठा ग्लास विकत घेऊन प्यायले.

आनंदावर विरजण एकच. हर्शेललाही एक्केचाळीस. ज्याने वर्तमानपत्र फक्त मासे गुंडाळायला वापरलं त्याला माझ्याइतके गुण! शॉन्ड्राने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाली, “गंमत म्हणजे, तुमच्या चुकासुद्धा त्याच आहेत. सगळ्या एकोणीस.”

मी सांगितलं, तीस वर्षं एका खात्यात काढली की माणसं एकसारखा विचार करायला लागतात. तिने दोन्ही कागद पुन्हा एकदा पडताळून पाहिले. “असेल, मिस ओलेटा.”

मग तिने सगळ्यांना बजावलं. ज्याला वर्ग जड वाटेल त्याने बारा सप्टेंबरच्या आत कचेरीत येऊन सांगायचं. त्याच्यासाठी पायाभूत वर्ग आहेत, अगदी मुळाक्षरांपासून, आणि त्याचाही खर्च सरकारच करतं. बारा तारीख उलटली की बदल नाही. त्यानंतर नापास झालात तर मदत बंद, पुन्हा मिळणार नाही.

“आपल्याला कसली मुळाक्षरं लागतात!” मी हर्शेलच्या पाठीत थाप मारली. तो आपल्या बुटांकडे बघत होता. बुटांत बघण्यासारखं काही नव्हतं.

सोमवार, २५ ऑगस्ट

कॉलेजचा पहिला दिवस. हर्शेल वातानुकूलन यंत्रांची दुरुस्ती शिकतोय. म्हणजे शिकवतोय म्हटलं तरी चालेल. तिथल्या मास्तरांनी एक बिघडलेलं यंत्र सुरू केलं तर याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावून टोक यंत्रावर टेकवलं आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगून मोकळा. जेवणाच्या सुट्टीत शेंगदाणे घातलेला कोक पिताना हे सांगत होता तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होता.

पण इंग्रजीचा तास सगळ्यांना आहे. मास्तर क्विलन माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गात एक पान लिहायला लावलं. हर्शेलला नेमकी तेव्हाच गाडीचे दिवे चालू राहिल्याची आठवण झाली आणि तो तास संपेपर्यंत ते विझवत होता.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

हर्शेल उजव्या हाताला भलंमोठं बँडेज बांधून आला. करवत लागली म्हणे. लिहिण्यातून सुटका. मी त्याच्यासाठी पाउंड केक केला, बिचारा एकटा आहे.

मंगळवार, २ सप्टेंबर

आज बँडेज डाव्या हाताला! म्हणजे आता दोन्ही हात कापले. मिस्त्री असून इतका निष्काळजी. उजवा मात्र चार दिवसांत असा बरा झाला की ओरखडासुद्धा नाही. या लोकांची कातडीच चांगली, त्याच्या आईचीही तशीच होती.

गुरुवार, ४ सप्टेंबर

आज वाईट झालं.

क्विलन मास्तर एकेकाला उभं करून पुस्तकातला उतारा वाचून घेत होते. हर्शेलची पाळी आली. तो उभा राहिला, पुस्तक धरलं आणि पुस्तकाकडे न बघता वळून माझ्याकडे बघू लागला. मला राग आला. सगळा वर्ग बघतोय आणि हा माझ्याकडे! मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि भुवयांनीच खुणावलं, पुस्तकात बघ. तरी तो माझ्या तोंडाकडेच बघतोय. शेवटी पुस्तक हळूच टेबलावर ठेवलं, “बाहेर जाऊन येतो, सर” म्हणाला आणि गेला. आला नाही. त्याची गाडीही दिसली नाही.

मागे बसणारी दोन पोरं हसली. मी वळून त्यांना ओठांनी असं काही म्हटलं की ऐकू आलं असतं तर मला कॉलेजातून काढलं असतं.

शनिवार, ६ सप्टेंबर

दोन दिवस हर्शेलचा पत्ता नाही, म्हणून त्याच्या घरी गेले, चांगलं खडसवायच्या तयारीने. तो मागच्या अंगणात गवत कापायचं यंत्र पुढ्यात घेऊन बसला होता. यंत्र चालू, आवाज कान फाटेल असा.

“बंद कर ते!” मी ओरडले. त्याने ऐकलं नाही. मग मी आपली गिरणीतल्यासारखी ओठांवर आले. सगळं बोलून घेतलं. चष्मा, बँडेज, वर्गातून पळणं. म्हटलं, “सरकार फुकट शिकवतंय आणि तू आळसापायी लाथ मारतोयस. तुला नक्की झालंय तरी काय?”

त्याने यंत्र बंद करायला हात नेला. मग हात मागे घेतला आणि उलट आवाज आणखी वाढवला. माझ्याकडे वळला. आणि ओठांनी, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “मला वाचता येत नाही.”

मी म्हटलं, “चष्मा...”

“चष्मा नाही, ओलेटा. मला अक्षरंच येत नाहीत. कधीच आली नाहीत. आकडे येतात, नाव लिहिता येतं, आणि ए, बी, सी, डी येतात, कारण आपल्या पाळ्यांची नावं ती होती. बाकी काही नाही. आमच्या हिलाच फक्त माहीत होतं.”

“मग परीक्षा?”

“तू वाचत होतीस ना. तुझं तोंड मी तीस वर्षं वाचतोय. त्याच्याइतकं स्वच्छ मी दुसरं काहीच वाचलेलं नाही.”

माझ्या तोंडाचं कौतुक करायची ही वेळ होती का! यंत्रातलं पेट्रोल संपेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. ते बंद पडल्यावर तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, “भेंडी नेतेस का थोडी? खूप आलीय.”

मी भेंडी घेतली आणि घरी आले.

रविवार, ७ सप्टेंबर

चर्चमध्ये लक्ष लागलं नाही. तीस वर्षं मी या माणसाला आळशी म्हणत होते. त्याच्या टोमॅटोंचा हिशेब मांडत होते. मी स्वतःला मोठी डोळस समजते. टॉवेलातला एक सुटलेला धागा मला दहा फुटांवरून दिसतो!

आणि मी त्याला मदत केली म्हणावं तर तेही नाही. माझ्याच ओठांनी त्याला बुडवलं. त्या दिवशी तो नापास झाला असता तर त्याला सरळ मुळाक्षरांच्या वर्गात बसवलं असतं, सरकारी खर्चाने. आता तो कागदोपत्री हुशार ठरलाय. डिसेंबरात नापास होईल आणि सगळं जाईल, यंत्रदुरुस्तीसुद्धा, जी त्याला मास्तरांपेक्षा चांगली येते.

त्याला बारा तारखेच्या आत कचेरीत न्यायला हवं. पण खरं लिहिते, ही वही कोण वाचणार आहे. मला भीती वाटते. उत्तरं चोरली असं निघालं तर दोघांनाही काढतील. मी काही चोरलं नाही, पण हे कोण मानणार? मला तो दवाखान्यातला वर्ग आवडतो. मला कोंबड्या कापायला जायचं नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

हर्शेलला सांगितलं, शुक्रवारी जाऊ. तो म्हणाला, “मग तुझंही जाईल. मी नाही येणार.” मी म्हटलं, येशील. तो म्हणाला, नाही. दिवसभर हेच. शेवटी मी म्हटलं, “तीस वर्षं मी फडकं वर केलं की यायचास ना कुरकुरत? तसा ये.” तो म्हणाला, “किती वाजता?”

शुक्रवार, १२ सप्टेंबर

शेवटची तारीख, त्यामुळे कचेरी दारापर्यंत भरलेली. सगळे गिरणीतलेच. हर्शेलने लग्नाला घालायचा शर्ट घातला होता आणि चेहरा अंत्यविधीचा.

आमचा नंबर आला. शॉन्ड्राने विचारलं, “बोला, मिस्टर हर्शेल, वर्ग का बदलायचाय?” हर्शेलने तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. मला स्वच्छ दिसलं तो काय म्हणतोय, पण ती कुठली बघायला! ती म्हणाली, “जरा मोठ्याने.” मी पुढे होऊन म्हटलं, “मी सांगते, त्याला...” तेवढ्यात हर्शेलने माझ्या दंडावर हात ठेवून मला मागे सारलं.

आणि मोठ्याने बोलला. त्याचं मोठ्याने म्हणजे मागांवरून जाईल इतकं.

“मला लिहिता-वाचता येत नाही! परीक्षेतली उत्तरं माझी नाहीत, हिच्या तोंडावरून घेतली! हिला माहीतसुद्धा नव्हतं!”

पलीकडच्या खोलीतलं टाइप करणं थांबलं. शॉन्ड्रा चाचरत म्हणाली, “तोंडावरून... म्हणजे कसं?” आता ही मुलगी गिरणीत पाऊल न टाकलेली, हिला कसं समजवायचं! हर्शेल म्हणाला, “हिला बाहेर उभी करा.”

मग मला काचेच्या दाराबाहेर उभी केली. शॉन्ड्राने खुणावलं, काहीही बोला. ऐनवेळी काय सुचणार? जे दिसत होतं तेच ओठांवर आलं. आत हर्शेलने घसा खाकरला आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाला, “ती म्हणते, या पोरीने स्वेटर उलटा घातलाय. शिवण बाहेर आलीय. सकाळपासून कुणी कसं सांगितलं नाही?”

शॉन्ड्राने खांद्याकडे पाहिलं. आधी ती हसली, मग रांग हसली, मग हर्शेलसुद्धा. मी आत आले तेव्हा ती डोळे पुसत होती. म्हणाली, परीक्षेत माणसं समोरासमोर बसवली ही आमचीच चूक. दोघांनी सोमवारी पुन्हा परीक्षा द्यायची, भिंतीकडे तोंड करून. मी एक्केचाळीस पुन्हा आणीन, न आणले तर बघू. हर्शेलला मात्र तिने लगेच मुळाक्षरांच्या वर्गाचा अर्ज दिला. यंत्रदुरुस्तीची कार्यशाळा चालू राहील. अर्जावर ठळक छापलंय, ‘अर्जदाराने स्वतःच्या अक्षरात भरावा.’ ज्याने हा अर्ज छापला त्याला मला एकदा भेटायचंय.

हर्शेल खाली वाकून आपलं नाव लिहीत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “पोरी, तसला अजून एक अर्ज आहे का?”

मोझेल टीग. सूतखात्यातली, एकसष्ट वर्षांची. चर्चमध्ये वीस वर्षं माझ्या डाव्या हाताला उभी राहून गाते. आमच्या दोघींत गाण्यांचं एकच पुस्तक, एक बाजू तिच्या हातात, एक माझ्या. ती प्रत्येक ओळ माझ्यामागून किंचित उशिरा सुरू करते. वीस वर्षं मी तिला त्यावरून टोचून बोलतेय. परवाच्या रविवारीसुद्धा म्हटलं होतं, “मोझेल, देव वाट बघतोय गं, जरा लवकर.” आणि ती हसली होती.

ती माझ्या शब्दाची वाट बघायची. आधी मी म्हणणार, मग तिला कळणार.

मी तिच्याकडे वळले. गिरणीतल्यासारखं ओठांनीच म्हटलं, “चुकले गं.” तिने वाचलं. आणि ओठांनीच म्हणाली, “पेन दे आधी.”